शुद्ध इंग्रजीचं बक्षीस

परवा शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली, दादा, आणि तिथं तुझ्या नावानं एक बक्षीस जाहीर झालं. कशाचं, ते ऐक. शुद्ध इंग्रजीचं. दर वर्षी जो मुलगा सर्वांत शुद्ध इंग्रजी निबंध लिहील, त्याला तुझ्या नावाचं चांदीचं पदक. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हेही कोणाला सुचलं नाही.

जाहीर करणारे कोण, हे तू ओळखलं असशीलच. रावसाहेब. तुझे हेडमास्तर. तुझं इंग्रजी बाटलेलं ठरवून ज्यांनी तुला वर्गावरून उठवलं आणि बडोद्याबाहेर पादरा गावी धाडलं, तेच. हार घातलेल्या तुझ्या फोटोशेजारी उभं राहून ते इंग्रजीतून बोलले, कारण पुढच्या खुर्च्यांवर दोन-तीन बडे अंमलदार होते. म्हणाले, तू फार 'होमली' माणूस होतास.

बायकांच्या बाजूला बसून मी पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं, रडू आवरतेय. त्यांच्या इंग्रजीत होमली म्हणजे साधा, घरगुती. तुझ्या इंग्रजीत होमली म्हणजे रूपानं कुरूप. तूच शिकवलं होतंस मला, आणि वर बजावलं होतंस, "इंदू, कधी अमेरिकेला गेलीस तर कुठल्या बाईला होमली म्हणू नकोस. लाटणं घेऊन मागे लागेल." आणि इथं तुझ्या त्या मोठ्या नाकाच्या फोटोसमोर भर सभेत ते तुला कुरूप म्हणत होते, लोक माना डोलावत होते, आणि हे कळणारी दोनच माणसं त्या हॉलमध्ये होती. एक मी. दुसरा फोटोत.

तेवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसले असते. पण शेवटी ते मराठीत आले आणि हसून म्हणाले, "अमेरिकेनं आमच्या मास्तरांची भाषा जरा बिघडवली, पण मन नाही हो बिघडवलं." आणि हॉल हसला, दादा. मोठ्यानं नाही, आपल्या घरच्या माणसाच्या खोडीला हसतात तसा, प्रेमानं. त्या प्रेमाचाच मला संताप आला. मी उठून उभी राहिले.

"रावसाहेब," मी म्हटलं, "बडोद्याहून पुण्याला कॉलेजात गेलात तेव्हा पहिल्याच दिवशी खोलीतल्या सोबत्याला तुम्ही 'बारी लाव' म्हणालात. त्याला कळेना, कसली बारी, कोणाची बारी. तुम्ही खिडकीकडे बोट दाखवलंत. त्या दिवसापासून वर्षभर तुम्हाला सगळे 'बारीवाले' म्हणत होते. आमच्या हिंचक्यावर झोके घेत तुम्हीच हे दादाला सांगितलंत. सांगताना तुमचे डोळे भरले होते. म्हणालात, माझी आई खिडकीला बारीच म्हणायची, मग माझी आई काय अशुद्ध होती? आता मी तुम्हाला विचारते. तेव्हा तुमची मराठी बिघडलेली होती का?"

आपल्या पोळीतल्या, शेजारपाजारच्या बायका माझा पदर ओढत होत्या, "इंदुबेन, बेसी जाव, बेसी जाव." रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"इंदूताई, बसा. दुःखात माणूस बोलून जातं. आम्ही मनावर घेत नाही."

त्यांनी मनावर घ्यावं म्हणूनच तर बोलले होते! पण लगेच आभारप्रदर्शन सुरू झालं. मी बसले. राग काही बसला नाही. तो अजून उभाच आहे.

तू कुठं जन्मलास, अमेरिकेत कुठली पदवी घेतलीस, हे सगळं कोणीतरी छापेल. मला त्याच्याशी कर्तव्य नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि भांडायचंही आहे, कारण आपलं एक भांडण अर्धंच राहिलंय.

तू बोटीवरून परत आलास, तेव्हा मी माहेरीच होते. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्याचं सासर सुटलं होतं. घरात येणारा प्रत्येक माणूस मला बघून आवाज खाली आणत असे. तू ट्रंक ओसरीवर ठेवलीस, आईच्या पाया पडलास आणि माझ्याकडे वळून म्हणालास, "रडून झालं का तुझं? नसेल झालं तर रडून घे. मग इंग्रजी शिकू." आईला तो निर्दयपणा वाटला. मला वाटलं, कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोललं.

हिंचक्यावर आपली शाळा भरायची. आजोबा महाराज सरकारांच्या पागेतले. आपल्या घरात घोड्यांच्या चालींना दहा शब्द होते, पण इंग्रजीचा एक नव्हता. सरकारांनी शिष्यवृत्ती देऊन पागेतल्या माणसाच्या नातवाला समुद्रापलीकडे पाठवलं, आणि त्या नातवानं जे आणलं ते पहिल्यांदा बहिणीपुढे ओतलं. सूरसागर तलावाच्या काठानं चालताना तू पायाखाली बोट दाखवायचास. "हा साईडवॉक. रावसाहेब याला पेव्हमेंट म्हणतील. आणि मांडवीचा टांगेवाला म्हणेल फुटपाथ. तिन्हींवर चालता येतं, इंदू. पाय मोडत नाही." मी एकदा जाईच्या वेलावरची अळी बघून ओरडले, तर तू म्हणालास, "बग आहे नुसता." मी गादी उन्हात टाकायला धावले, कारण शाळेच्या पुस्तकात बग म्हणजे ढेकूण. तू हिंचक्यावरून पडेपर्यंत हसलास. तुझ्या अमेरिकेत सगळेच किडे बग.

तू मला कधीही एकच शब्द शिकवला नाहीस. नेहमी म्हणायचास, हा इकडचा, हा तिकडचा. कुठलाच चूक म्हणून शिकवला नाहीस. हे मी आज साक्षीला सांगते आहे, कारण लोक म्हणतात की मास्तरांना खरं इंग्रजी येतच नव्हतं. तुला दोन येत होती. या लोकांना एकच येतं, आणि तेही उसनं आणलेलं.

मग माझी परीक्षा आली. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं तर ती पास व्हायला हवी होती. लेखी पेपर चांगला गेला. तोंडीला समोर रावसाहेब आणि मुंबईचे एक पाहुणे परीक्षक. मला घाम फुटला होता. परपुरुषांसमोर खुर्चीवर बसून बोलायची ती माझी पहिलीच वेळ. रावसाहेबांनी इंग्रजीत विचारलं, उन्हाळ्यानंतर कुठला ऋतू येतो? मला ऑटम ठाऊक होता, दादा. चांगला ठाऊक होता. पण घाबरल्यावर तोंडात येतो तो घरचा शब्द. मी म्हटलं, "फॉल."

"फॉल?" रावसाहेब पाहुण्यांकडे बघून हसले. "कोण पडलं?"

पाहुणे हसले. शिपाईसुद्धा हसला, त्याला काय कळलं देव जाणे. आणि मग ते मला पुढचं विचारत गेले आणि मी तुझेच शब्द देत गेले. कापड कुठं मिळतं? स्टोअरमध्ये. मजले कसे चढतात मुंबईत? एलेव्हेटरनं. एकदा पाय घसरला की पुढच्या सगळ्या पायऱ्या घसरड्याच वाटतात. निकालात मी नापास. शेरा काय, तर बोलण्यात अमेरिकन दोष.

आजही हे लिहिताना माझे कान तापतात. बडोद्यात बसून, दादा! इथं उन्हाळ्यानंतर पावसाळा येतो, हे पाळण्यातल्या पोराला कळतं. तो ऑटम कधी या गावात उतरलेला नाही, आणि फॉलही नाही. आमच्यापैकी कोणी न पाहिलेल्या ऋतूचं नाव मी अमुक घेतलं आणि तमुक घेतलं नाही, म्हणून माझं एक वर्ष गेलं.

तू दुसऱ्याच दिवशी रावसाहेबांच्या खोलीत गेलास. दार उघडं होतं, सगळ्या मास्तरांनी ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत ते आपल्या पोळीत पोचलं.

"तिला ऑटम माहीत नव्हता?" रावसाहेबांनी विचारलं.

"माहीत होता."

"मग फॉल का म्हणाली?"

"कारण तोही बरोबर आहे."

"कुठं बरोबर आहे?"

"जिथं सरकारांनी मला शिकायला पाठवलं, तिथं."

यावर रावसाहेबांनी खुर्ची मागे सारली, असं सांगतात. मग म्हणाले, "मास्तर, आपल्या पोरांचे पेपर मुंबईला जातात. तिथला परीक्षक तुमच्या स्टोअरवर आणि फॉलवर लाल रेघ मारणार. पोरं नापास झाली तर त्यांच्या बापांना तुम्ही उत्तर देणार का?"

हा त्यांचा मुद्दा अगदीच फोल नव्हता, दादा. हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण तू तो ऐकायच्या पलीकडे गेला होतास. तू म्हणालास, "तुम्ही दुपारी टिफिन खाता. शाळेची जुनी बाकं गोडाऊनमध्ये ठेवता. लंडनच्या दुकानदाराला जाऊन विचारा, गोडाऊन म्हणजे काय. तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. ती तुमची अशुद्धं चालतात, मग माझीच का नाही?" रावसाहेबांनी टेबलावर हात आपटला. आणि तू इंग्रजीत म्हणालास, "आय ॲम मॅड, सर. आय ॲम व्हेरी मॅड."

तुझ्या अमेरिकेत मॅड म्हणजे रागावलेला. रावसाहेबांच्या इंग्रजीत मॅड म्हणजे वेडा.

त्यांना कळलं नव्हतं असं मी मानत नाही. इतका शिकलेला माणूस, समोरचा संतापानं थरथरतोय हे दिसतंय, आणि त्याला वाटेल की हा स्वतःला वेडा म्हणवून घेतोय? पण वरिष्ठांकडे जो मजकूर गेला त्यात लिहिलं होतं की मास्तर स्वतःच कबूल करतात, त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. कचेरीतल्या कारकुनानं तुला दाखवला म्हणून कळलं. आणि हुकूम आला तो किती गोड भाषेत! प्रकृतीस विश्रांती मिळावी म्हणून, हवापालटासाठी, तुझी बदली पादऱ्याच्या शाळेवर. इंग्रजीचे वर्ग नाहीत. भूगोल आणि कसरत.

हवापालट! पुढं त्या हवेनंच तुला खाल्लं.

आता आपलं भांडण. पुढच्या वर्षी मी परीक्षेला परत बसले. जाण्याआधी तुला भेटायला लहान गाडीनं पादऱ्याला आले. तू शाळेच्या अंगणात पोरांकडून जोर काढून घेत होतास. माझ्या हातातला डबा घेतलास आणि विचारलंस, "या वेळी काय म्हणणार?"

"ऑटम," मी म्हटलं.

तुझं उत्तर यायच्या आत मीच बोलत सुटले. म्हटलं, दादा, मला ती नोकरी हवी आहे. जन्मभर मी आश्रितासारखी राहू का? एका शब्दासाठी मी हरायचं आणि त्यांनी जिंकायचं, हे कसलं शौर्य? ऑटम म्हणून पास होते, आणि मग माझ्या वर्गात मुलींना दोन्ही शिकवते.

"तसं केलंस तर बरंच आहे," तू म्हणालास. "पण ते तुला आत घेताना दारात काहीतरी काढून ठेवायला लावतात, इंदू. मग आत गेलेला माणूस तेच दुसऱ्याकडून काढून घेतो. रावसाहेबांनी बारी दारातच ठेवली. बघ, आज कसे झालेत."

"मी रावसाहेब नाही."

"नाहीस. अजून नाहीस."

ते 'अजून' मला फार लागलं. मी डबा तुझ्याच हातात तसाच सोडून निघाले. गाडी सुटेपर्यंत तू फलाटावर उभा होतास, पण आपण दोघं बोललो नाही. मी ऑटम म्हटलं, पास झाले, नोकरी लागली. तू पेढे पाठवलेस, शब्द पाठवला नाहीस. नंतर कितीदा भेटलो, हसलो, वहिनींच्या हातचं उंधियू खाल्लं, तुझ्या मुलींची बारशी केली. पण त्या विषयावर दोघंही परत आलो नाही. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं, दादा. माझ्या वर्गातल्या मुली फॉल आणि ऑटम दोन्ही म्हणतात, आणि एकीनं मध्यंतरी विचारलं की बाई, आपल्या पावसाळ्याला इंग्रजीत आपलाच शब्द का नाही? हे तुला सांगायचं होतं. येत्या सुट्टीत सांगणार होते. तू सुट्टीपर्यंत थांबला नाहीस. याचाही मला राग आहे, हे ऐकून ठेव.

तुझ्या तापाचा निरोप आला तेव्हा मी वर्गावर होते. पादऱ्याला पोचले तर तू ओळखत नव्हतास. वैद्य म्हणाले हिवताप, डॉक्टर म्हणाले हिवताप, दोघांनीही उशीर झाला असं सांगितलं. शहरात असतास तर मोठा दवाखाना हाकेवर होता. एवढंच सांगते.

सभेच्या दुसऱ्या दिवशी रावसाहेब घरी आले. मला वाटलं, माझ्यावर बोलायला. पण ते आले होते वहिनींची संमती घ्यायला. पदकावर नाव घालायचं तर घरच्यांची परवानगी लागते. ते ओसरीवर खुर्चीत बसले. वहिनी आतल्या दाराआड, अंधारात, दोन्ही पोरी मांडीवर. मी मध्ये उभी.

एकटे असताना ते वेगळे दिसत होते. म्हातारे. म्हणाले, "इंदूताई, काल तुम्ही बोललात ते खोटं नव्हतं. मला रात्री झोप लागली नाही. यंदा मी त्यांना परत बोलावणार होतो. कागद तयार होता."

"कागदाला काय करू आता?" मी म्हटलं.

"म्हणूनच तर हे पदक. काहीतरी करावं असं वाटतं. त्यांचं नाव शाळेत राहील."

मी उत्तर देणार, तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. तुला ठाऊक आहे, परक्या माणसासमोर वहिनी कधी बोलल्या नाहीत. तू किती चिडवायचास त्यावरून. त्या म्हणाल्या, "वन्सं, त्यांना सांगा, पदक नको."

रावसाहेब खुर्चीत पुढे झुकले. "वहिनीबाई, तुम्हाला पुरतं कळलं नसेल. हा सन्मान आहे."

"मला इंग्रजी येत नाही," वहिनी आतूनच म्हणाल्या, आणि या वेळी मला मध्ये न घेता थेट त्यांना. "पण हे जसं बोलायचे तसं तुमच्या शाळेत चालत नव्हतं, एवढं कळतं. उद्या एखादा पोरगा यांच्यासारखं लिहील, तर त्याला तुम्ही यांच्याच नावाचं पदक देणार नाही. मग यांचं नाव कशाला घेता?"

मी सभेत एवढं बोलले, तावातावानं बोलले, पण हे मला सुचलं नव्हतं. रावसाहेब खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "मग मी काय करू, ते तरी सांगा."

"काही करू नका," वहिनी म्हणाल्या. "त्यांना होते तसे असू द्या."

ते उठले. जाताना त्यांनी दाराआडच्या अंधाराला वाकून नमस्कार केला. पदक रद्द झालं, असं आज शाळेतून कळलं. मला वाटलं होतं, हे ऐकून छाती थंड होईल. नाही झाली. एक माणूस ओसरीवर वाकला म्हणून तू काही परत येत नाहीस.

आज दुपारी वहिनी मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसले. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "वन्सं, रेक म्हणजे काय हो?"

"का?"

"शेवटचे तीन-चार दिवस हे इंग्रजीतच बोलत होते. मला काही कळायचं नाही. मी आपली हो, हो म्हणायचे, म्हणजे त्यांना वाटावं कोणीतरी ऐकतंय. पण तो एक शब्द सारखा यायचा. रेक, रेक. काहीतरी मागत होते. मी पाणी दिलं. पांघरूण दिलं. पोरींना जवळ नेलं. कशालाच हो म्हणेनात. काय मागत होते ते?"

मी म्हटलं, "दाताळं."

"दाताळं? शेतातलं? ते कशाला हवं होतं?"

मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली. पादऱ्याला एकदा तू मला सांगितली होतीस. त्यांना कधी का सांगितली नाहीस, कोण जाणे. बाबा गेल्याची बातमी तुला अमेरिकेत टपालानं कळली, ती कितीतरी आठवड्यांनी. दिवस होऊन गेले होते, सुतक सरलं होतं, रडायलासुद्धा तू उशिरा पोचलास. दिवसभर खोलीत खाटेवर बसून राहिलास. ज्या म्हातारीच्या घरी तू राहत होतास तिला कळेना, या परमुलखातल्या पोराचं सांत्वन कसं करावं, यांच्यात काय म्हणतात, काय म्हणत नाहीत. शेवटी तिनं दार वाजवलं आणि तुझ्या हातात एक दाताळं दिलं. दुसरं तिच्या हातात होतं. म्हणाली, "चल, फॉल आलाय." अंगणात पानांचा खच पडला होता. तुम्ही दोघं अंधार पडेपर्यंत पानं ओढत राहिलात. ती एक शब्द बोलली नाही. मग तिनं तुला आत नेऊन जेवायला घातलं, आणि जेवता जेवता तू रडलास.

"तो शब्द मी पुस्तकातून घेतलेला नाही," असं तू मला म्हणाला होतास. "तिच्या तोंडचा शब्द मी चूक कसा म्हणू, इंदू?" आणि मी काय उत्तर दिलं? म्हटलं, बाई चूक नव्हती, पण परीक्षेत तिला कोण विचारतं. ते उत्तर खरं होतं. तरी ते द्यायला नको होतं असं आज वाटतं.

वहिनींच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "त्या बाईंना कळवलं का कोणी?"

कोणीच नव्हतं कळवलं, दादा! सरकारदरबारी कळवलं, नातेवाइकांना कळवलं, तुला ज्यांनी हाकललं त्यांनाही कळवलं. तिला नाही. मी तिथंच कागद घेऊन बसले. वहिनींनी मेथी बाजूला सारली. "लिहा," म्हणाल्या, "मी त्यांची बायको. मला दोन मुली आहेत. आणि लिहा, तुम्ही त्यांना तिकडं सांभाळलंत. आम्हाला ते ठाऊक आहे."

सांभाळलंत. इथं माझी लेखणी अडली. माझ्या शाळेच्या पुस्तकात त्याला 'लुक आफ्टर' म्हणतात. पाच वर्षं मी मुलींना तेच शिकवतेय. पण मी आजारी पडले की तू उशाशी बसून 'टेक केअर' म्हणायचास, मला आईला औषध द्यायला सांगायचास तेही 'टेक केअर ऑफ हर' म्हणूनच. दोन्ही मला येतात. कुठला लिहू, हे विचारायला तू नाहीस. मी तुझा लिहिला. आणि एकदा तो लिहिल्यावर बाकीचं पत्र आपोआप तुझ्याच इंग्रजीत उतरत गेलं, एक फॉल सोडला तर पाच वर्षं वर्गात न वापरलेल्या शब्दांत.

लिहून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "वाचून दाखवा."

"तुम्हाला कळणार नाही, वहिनी."

"वाचा तर."

मी वाचलं. मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"परत एकदा वाचा, वन्सं," त्या म्हणाल्या. "अगदी असंच बोलायचे ते."